जुनी सिटी व्हीटेक की सत्तर हजारांचं जॅकेट? घरी भांडण लागलंय, पैसा वसूल कशात ते सांगा

घोडबंदरचा_वाटसरू

मंडळी जरा मदत करा, घरी दोन दिवस अबोला आहे. बोनस आलाय, ईएमआय, पोरीची फी सगळं बाजूला काढून साडेचार लाख उरलेत आणि हे तुझ्या हौसेचे असं बायकोनेच कबूल केलं होतं, आता मी हौस सांगितली तर तीच भडकली.

हौस नंबर एक. नेरुळला एका रिटायर्ड काकांकडे 2002 ची होंडा सिटी व्हीटेक आहे, चंदेरी, एमएच-04, पहिल्यापासून एकच मालक, तीन पंचाहत्तर सांगतायत. कॉलेजला असताना आमच्या चाळीसमोर एक जण ही गाडी लावायचा आणि मी क्लास बुडवून तिचा आवाज ऐकायला थांबायचो, बाकी काय सांगू. घरात स्विफ्ट आहेच, ऑफिसला मी ट्रेननेच जातो, म्हणजे ही गाडी फक्त रविवार पहाटेची.

हौस नंबर दोन. मामेभाऊ टोरांटोहून गणपतीत येतोय, त्याला आर्कटेरिक्स कंपनीचं अल्फा एसव्ही हे पावसाचं जॅकेट आणायला सांगायचंय, टॅक्स-बिक्स धरून सत्तरेक हजार पडेल. वर्षाला आठ-दहा ट्रेक होतात माझे, बहुतेक पावसातलेच, आणि दर वर्षी दीड-दोन हजाराचं विंडचीटर घेतो आणि दर वर्षी ते आतून चिकट होऊन सोलायला लागतं.

कागदावर दोन्ही बसतं. बायकोचं म्हणणं, "चोवीस वर्षांच्या गाडीला पावणेचार लाख आणि रेनकोटला सत्तर हजार, तुला कुणी चढवलंय का रे?" दोन्हींतलं एकच घे म्हणतेय, आणि तेही का घ्यायचं ते पटवून दे म्हणतेय. तर पटवायचं कसं ते सांगा. उपदेश नको.

इंजिन_ऑइल

उपदेश नको म्हणतोस आणि आंतरजालावर विचारतोस, धन्य आहे तुझी.

गाडी ओळखीची आहे. 106 हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम टनभर, त्या काळात मध्यमवर्गीयाच्या हातात असं इंजिन म्हणजे कमाल होती. 2003 ला डॉल्फिन आकाराची सिटी आली ती 77 हॉर्सपॉवरची, मायलेज छान पण जीव नाही, म्हणून जुनीवर अजून लोक मरतात. तेव्हा भाव मागतायत तो काही हवेतला नाही, चांगली राहिलेली मिळतच नाही आता.

पण तू किंमत तीन पंचाहत्तर धरू नकोस. कागदपत्रांचं बघ आधी. 2002 ची म्हणजे 2017 ला रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं संपली, मग 2022 ला रिन्यू, आता 2027 ला परत आरटीओ. एप्रिल 2022 च्या आधी ही फी 600 रुपये होती, मग 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारला 10,000. ग्रीन टॅक्स वेगळा. फिटनेसला गाडी उभी करायची ती करायचीच. काकांची आरसी कधीपर्यंत आहे ते फोटोत मागून घे, तोंडी "पासिंग झालंय" असं सगळेच सांगतात.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर ई20 आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि ही गाडी त्याच्या वीस वर्षं आधीची. इथेनॉल जुन्या रबराला खातं. माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक होती, मागच्या वर्षी ठाणे-बेलापूर रोडला रबाळेच्या सिग्नलला उभा होतो आणि पेट्रोलचा वास, मला वाटलं शेजारच्या टेम्पोचा, घरी येऊन बॉनेट उघडलं तर फ्युएल होज बोटाने दाबला की घामासारखे थेंब. गरम इंजिनवर. त्या दिवशी सगळे होज आणि ओ-रिंग बदलून टाकले, काही हजारांत काम झालं पण रात्रभर झोप नाही लागली. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे "फक्त रविवारची गाडी" हे ऐकायला गोड आहे पण पावसाळ्यात दीड महिना टाकी अर्धी ठेवून उभी केलीस की ऑक्टोबरात टाकीच्या तळाशी काय सापडेल सांगता येत नाही.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचार, बिल नसेल तर बदलला नाही असंच धर. आणि एक छोटं मॅग्नेट घेऊन जा, फ्रिजवरचं चालेल, रुमालात गुंडाळून चारही चाकांच्या आर्चवर आणि दरवाजांच्या खालच्या पट्टीवर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे आणि पुट्टीच्या खाली गंज. नेरुळची खाडीची हवा आहे, काका कितीही पुसत असोत.

पैसे_वाढवा

दोन्ही नको. साडेचार लाख इंडेक्स फंडात टाक, दहा वर्षांनी धन्यवाद देशील.

घोडबंदरचा_वाटसरू

@पैसे_वाढवा दहा वर्षांनी माझे गुडघे आणि ती गाडी दोन्ही जातील, मग धन्यवाद कोण देणार.

@इंजिन_ऑइल मॅग्नेटचं लक्षात ठेवलं. ई20 चं डोक्यातच नव्हतं.

रानवाटा_ऐरोली

मी गाडीतलं काही जाणत नाही, जॅकेटवर बोलते कारण हा मूर्खपणा मी करून बसलेय.

दादा, ते जॅकेट वाईट नाहीये, उलट खूपच भारी आहे, पण ते ज्या हवेसाठी बनवलंय ती हवा हरिश्चंद्रगडावर जुलैत नसते. ते गोर-टेक्सचं असतं, आणि गोर-टेक्स म्हणजे मुळात टेफ्लॉन ताणून केलेला पापुद्रा, बॉब गोरने 1969 मध्ये शोधला. त्याची भोकं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी, म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं दुकानदार सांगत नाही. वाफ आपल्या आपण बाहेर जात नाही, आत जास्त दमट आणि बाहेर कमी दमट असं असेल तरच जाते. कॅनडात बाहेर शून्याच्या खाली आणि कोरडं, तिथे जाते भसाभस. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला धुक्यात बाहेरची हवाच ओलीगच्च, चोवीस-पंचवीस डिग्री, वाफेने जायचं कुठे? आणि चढावर माणूस तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज गाळतो. तर दोन तासांनी तू आतून भिजलेला असतोस, पावसाने नाही, स्वतःच्याच पाण्याने. सत्तर हजारांत.

माझं जॅकेट वेगळं होतं, यापेक्षा स्वस्त, पण माझ्या खिशाला महागच. पहिल्या वर्षी बाहेरून थेंब मोत्यासारखे ओघळायचे, दुसऱ्या पावसाळ्यात बाहेरचं कापड पाणी पिऊन गच्च व्हायला लागलं. तो बाहेरचा जो पाणी झटकणारा थर असतो तो घाम, चिखल, सनस्क्रीनचं तेल याने मरतो, आणि आता बऱ्याच नवीन जॅकेटांत जुनी पीएफएएसवाली (फ्लोरिनची, न विघटणारी) केमिकल्स बंद झालीत (कॅलिफोर्नियात तर 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक कपड्यांत बंदीच आहे), नवीन थर पाणी झटकतो पण तेल नाही, म्हणजे धुणं अजून जास्त. मी काय केलं, आईने सवयीने बादलीत फॅब्रिक कंडिशनर टाकला. संपला विषय. साध्या साबणाने धुवून, नीट खळबळून, मग मंद गरम ड्रायरने थर परत उठवावा लागतो, हे सगळं मला नंतर कळलं.

तुझी विंडचीटरं दर वर्षी सोलतात त्याचं कारण वेगळं आहे. स्वस्त कोटिंग पॉलियुरेथेनचं असतं, ते दमट हवेत आपोआप विघटतं, ओलं ठेवलं तर लवकर. ट्रेकहून आल्यावर तू ते पिशवीतच ठेवतोस ना? खरं सांग. बाल्कनीत पूर्ण वाळवून हँगरला लाव, कपाटात कोंबू नकोस, दोन-तीन वर्षं टिकेल.

माझी आजी मुरबाडकडची. लावणीला इरलं घ्यायची, बांबूच्या काड्या आणि पानं, नंतरच्या काळात वरून प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर उतरतं, पुढून आणि खालून सगळं उघडं. वाकून दिवसभर चिखलात काम, पाठ कोरडी. आता जाहिरातीत "व्हेंटिलेशन" म्हणून काखेत चेन देतात आणि दहा हजार जास्त घेतात तेव्हा मला तीच आठवते. मी आता पावसाळ्यात पोंचो घालते, सातशे रुपयांचा, दिसते ठेल्यासारखी, पण हवा खेळते.

हिमालयात हिवाळ्यात जाणार असशील तर गोष्ट वेगळी, तिथे वाऱ्यात असं जॅकेट म्हणजे जीव वाचवणारी वस्तू. पण पहिल्या वेळेला बेसकॅम्पला भाड्याने मिळतात ते घेऊन बघ.

हिशेबनीस_वाशी

व्यवसायाने आकडेमोडच करतो म्हणून थोडं. हल्ली सगळे "एका वापरामागे किती" असा हिशेब लावून महागडी वस्तू स्वस्त असल्याचं सिद्ध करतात. लावून बघू. वर्षाला दहा ट्रेक, आठ वर्षं जॅकेट टिकलं, ऐंशी वेळा. सत्तर हजार भागिले ऐंशी, 875 रुपये. एका ट्रेकमागे. कसाऱ्याची लोकल, पुढची जीप आणि उतरल्यावरची मिसळ धरूनही माझे एवढे होत नाहीत. आणि आठ वर्षं दहा ट्रेक हे तू आज म्हणतोयस, पोरगी दहावीला गेली की चार होतील.

गाडीचं गणित उलटं आहे आणि लोक तिथेच फसतात. नवीन गाडी शोरूममधून निघाली की भाव पडतो, ही पडून पडून आता जमिनीला टेकलीय, चांगली ठेवलीस तर चार वर्षांनी जवळपास तेवढ्यालाच जाईल, कदाचित जास्त. म्हणजे किमतीत तोटा फारसा नाही, तोटा सांभाळण्यात आहे. आणि विम्यात. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तू आणि कंपनी मिळून ठरवता, तर विमा कंपनी चोवीस वर्षांच्या सिटीला तीन लाख मान्य करणार नाही हे धरून चाल. उद्या ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं आणि गाडी त्यात अडकली, तर तुला मिळणार विम्याची रक्कम, हौसेची नाही. (पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नकोस, इंजिनात पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, 26 जुलै 2005 ला लोकांनी असंच करून इंजिनं घालवली.)

पार्किंग धरलंस का? सोसायटीत दुसरी जागा आहे?

घोडबंदरचा_वाटसरू

पार्किंग एकच आहे हो. दुसरं सेक्रेटरी देतो म्हणालाय, स्टिल्टमध्ये, पण भिंतीच्या कडेला जिथे वरचा पाइप गळतो तिथे.

@रानवाटा_ऐरोली ताई, पिशवीतच ठेवतो. घरी वाचून दाखवलं, बायको दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

इंजिन_ऑइल

@हिशेबनीस_वाशी सगळं बरोबर, फक्त एक सांगतो. तुमच्या हिशेबात पहाटे साडेपाचला पामबीच रोड कुठल्या रकान्यात बसतो? मला मान्य आहे कॅमेरे लागलेत आणि तो जोर दाखवायला आता जागाच नाही, अटल सेतूवर सुद्धा शंभरची मर्यादा आहे, आणि यांच्या घोडबंदरला तर मेट्रोच्या कामात दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. जॅकेट कॅनडाच्या थंडीसाठी आणि ही गाडी मोकळ्या रस्त्यासाठी, दोन्ही आपल्याकडे नाही, हे रानवाटा ताईंचं लॉजिक गाडीलाही लागू होतं. फरक एवढाच की जॅकेट तू अंगात घातल्यावर विसरतोस. गाडी नाही विसरत.

आणि एअरबॅगचा विचार कर, तेव्हाच्या आपल्याकडच्या गाड्यांत ती चैन होती. पोरीला मागे बसवून लोणावळा वगैरे नको.

घोडबंदरचा_वाटसरू

अपडेट देतो, उशीर झाला.

जॅकेट कॅन्सल. ऑफिसमधल्या एकाकडे तसलंच एक आहे, मागून घेतलं आणि शनिवारी पावसात येऊरच्या गेटपासून पाटोणपाड्यापर्यंत चालत गेलो, चढ म्हणावा असा चढ पण नाही तो. घरी येऊन काढलं तर टी-शर्ट पिळून पाणी निघालं. भावाला मेसेज टाकला की काही आणू नकोस, तर तो म्हणे चॉकलेटं तर आणू दे.

रविवारी सहाला नेरुळला गेलो. काकांनी गाडी आदल्या रात्रीच धुतली होती, वर कव्हर, कव्हरवर अजून एक ताडपत्री. काकू चहा घेऊन खालीच आल्या. मी चालवली, काका शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या वर काटा गेला आणि आवाज बदलला ना, मी कॉलेजमध्येच होतो परत. काका म्हणाले, "सोडा सोडा, एवढी नका ताणू, ती आता माझ्याच वयाची आहे." मग स्वतःच म्हणाले, "अजून एकदा ताणा."

मॅग्नेट घेऊन गेलो होतो, फ्रिजवरचं, पोरीचं फुलपाखराचं. तीन आर्चला टक्कन बसलं. डाव्या मागच्याला घसरलं, परत लावलं, परत घसरलं. काका बघत होते. मला लाज वाटली खरं सांगतो, चहा प्यायलेला त्यांच्याकडे. टोकन दिलं नाही, पण नको असंही म्हणवलं नाही.

इंजिन_ऑइल

मागचं डावं म्हणजे पाणी आत जात असणार. मागच्या सीटखालचं कार्पेट उचललंस का?

घोडबंदरचा_वाटसरू

उचललं. ओलं होतं. पुढच्या रविवारी परत जातोय, मेकॅनिकला घेऊन. बायको पण येते म्हणाली, तिला काकूंशी बोलायचंय.