मदत हवी आहे : १९७१ च्या एमजीबीतून आल्प्सचे घाट, सप्टेंबरमध्ये

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो. आमच्याकडे १९७१ सालची एमजीबी रोडस्टर आहे : उघड्या टपाची, दोन सीटची, तारांच्या चाकांची. येत्या सप्टेंबरात ती घेऊन फ्रान्समधल्या ‘रूट दे ग्रांद आल्प’वर जायचं ठरतंय. जिनिव्हा सरोवराच्या काठच्या तोनों-ले-बां गावातून निघायचं आणि थेट नीसला समुद्रावर उतरायचं. अंतर साधारण सातशे किलोमीटर, पण मधे घाटामागून घाट. नवरा म्हणतो, गाडी ठणठणीत आहे, निघू या. निघायचं मलाही आहे, त्याच्याहून जास्तच, पण काही गोष्टी आधी नीट समजून घ्यायच्या आहेत. म्हणून हा धागा.

गाडीची माहिती : १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बुरेटर, तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर). इग्निशन जुनंच, पॉइंट्सचं. पंखा बेल्टवर फिरणारा. रेडिएटर मागच्या वर्षी नवा बसवला. चाळीस वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे इथे तिला रोड टॅक्स नाही आणि एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्तीही नाही, तरी आम्ही दरवर्षी एमओटी करून घेतो.

आता खरी काळजी. जूनमध्ये एका कडक उन्हाच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमध्ये कॅसलटनजवळचा विनॅट्स पास चढलो. चढताना गाडीने जराही कुरकुर केली नाही. वर फोटो काढायला इंजिन बंद करून थांबलो. परत किल्ली फिरवली तर चालू झाली, थोडं अंतर गेली आणि झटके मारत बंद पडली. तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणजे पाणी उकळलेलं नव्हतं. हिचा पेट्रोल पंप मागच्या चाकाच्या बाजूला असतो. एरवी किल्ली फिरवली की तो चार-पाच वेळा टकटक करतो आणि गप्प बसतो. त्या दिवशी ती टकटक थांबेचना, सारखी भराभर चालूच. थोड्या वेळाने आम्ही काहीही न करता गाडी पुन्हा सुरळीत चालायला लागली. इथल्या मेकॅनिकने पाहिलं, पण थंड गाडीत त्याला काही सापडलं नाही.

विनॅट्स तसा लहान चढ आहे. आमच्या वाटेवरचा इझरांचा घाट २७६४ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही वर अकराशे मीटर ही गाडी चढवायची, तीही दोन माणसं आणि सामानासकट. पुढे गालिबिए २६४२, इझोआर २३६०. घाटाच्या मधोमध, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ती बंद पडली तर काय करायचं? इतक्या उंचीवर कार्बुरेटरची सेटिंग बदलावी लागते का? उतरताना ब्रेकचं काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

दुसरं, व्हिसा. नवरा ब्रिटिश नागरिक आहे, माझा पासपोर्ट अजून भारतीय आणि इथे कायम वास्तव्याचा परवाना. शेंगेन व्हिसा (फ्रान्स-इटलीसकट बऱ्याच युरोपीय देशांना मिळून एकच) लागणार हे माहीत आहे. वाटेत ब्रियांसोंहून एखादी रात्र इटलीत जाऊन यावं असंही मनात आहे, तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा ना?

आणि गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्यामुळे तिकडे डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळ मला, काय काय करावं लागतं? टप उघडं ठेवूनच जायचं आहे. त्यासाठीच तर ही गाडी.

– डर्बीकरीण

प्रतिसाद : घाटमाथा

माझ्याकडेही हीच गाडी आहे, जरा नंतरची, आणि आल्प्समध्ये नेलेली आहे. तुमची गाडी नक्की जाईल, निर्धास्त राहा.

तुम्ही वर्णन केलंय ते पेट्रोलची वाफ होण्याचं प्रकरण आहे. या इंजिनात कार्बुरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, कार्बुरेटर वर आणि तापलेलं एक्झॉस्ट खाली. गाडी चालू असताना वारा लागतो, ताजं पेट्रोल येत राहतं. चढ संपल्या संपल्या इंजिन बंद केलं की सगळी उष्णता वर चढते आणि कार्बुरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठतं त्या छोट्या भांड्यातलं) पेट्रोल उकळतं. पंपाची न थांबणारी टकटक म्हणजे त्याला पेट्रोलऐवजी वाफ किंवा हवा मिळतेय. आधी टाकीपासून पुढेपर्यंतचे पाइप आणि जोड तपासा, कुठे हवा ओढत असेल तर तेही कारण असू शकतं. कार्बुरेटरमागची हीट शील्ड जागेवर आहे का आणि तिच्यावरचं उष्णतारोधक अस्तर शाबूत आहे का, तेही पाहा. बरेचदा ते झडून गेलेलं असतं.

माथ्यावर पोचल्यावर लगेच किल्ली बंद करू नका. एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू द्या, तोंड वाऱ्याकडे करून गाडी लावा, बॉनेट उघडून ठेवा. निघताना किल्ली फिरवून पंप गप्प होईपर्यंत थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्ट करा. चोक अजिबात ओढू नका. घाटाच्या मधेच बंद पडली तर हॅझर्डचे दिवे, धोक्याचा त्रिकोण, चमकदार जाकीट आणि धीर. गार झाली की निघते.

पेट्रोल हा निम्मा उपाय आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर वाफाळतं आणि जुने रबरी पाइपही खातं. फ्रान्समध्ये पंपावर ‘एसपी ९८’ लिहिलेलं नळकं घ्या, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं. ‘एसपी ९५-ई१०’ टाळा. ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, त्याला हात लावायचा नाही.

उंचीबद्दल : इझरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कमी असतो. ताकद त्याच प्रमाणात घटते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एसयू कार्बुरेटर थोडंफार सांभाळून घेतात. गाडी जरा जड चालेल, काळा धूर दिसेल, पण माझं ठाम मत आहे की सेटिंगला हात लावू नये. वर पातळ (पेट्रोल कमी) केलेलं मिश्रण खाली उतरल्यावर तसंच राहिलं तर इंजिन जास्त तापतं, आणि ते नुकसान महागात पडतं. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढा. मागच्यांना जाऊ द्यायला बाजूला जागा मिळते, तिथे इंडिकेटर देऊन थांबा. लोक हात हलवून आनंदाने पुढे जातात.

उतारावर ओव्हरड्राइव्ह बंद, आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक फ्लुइड निघण्याआधी नवीन भरा. जुन्यात पाणी मुरलेलं असतं, सततच्या ब्रेकने ते उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. या एका कामात काटकसर नको.

सोबत ठेवा : फॅनबेल्ट, रेडिएटरचा वरचा-खालचा होज, पॉइंट्स, रोटर आर्म, दोन कंडेन्सर (नवे कंडेन्सर दगा देतात), फ्यूज, चालू स्थितीतला जादा पेट्रोल पंप आणि चाकांचे नट सोडवायचा तांब्याचा हातोडा. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात, पण वाटेवरच्या बार्सेलोनेत गावात रविवारी संध्याकाळी नाही.

प्रतिसाद : सरोवरकाठ

व्हिसाचं मी सांगते. ज्या देशात जास्त रात्री, त्याचा व्हिसा. तुमचा मुक्काम मुख्यतः फ्रान्समध्ये, म्हणून फ्रान्सकडेच अर्ज. इटलीची एक रात्र त्याच व्हिसावर चालते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, तर आजच तारीख बघा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. फोकस्टनहून ट्रेनने गाडी नेणार असाल तर फ्रेंच तपासणी इंग्लंडच्याच बाजूला होते, पासपोर्ट हाताशी ठेवा.

गाडीचं मूळ नोंदणीपत्र जवळ हवं, झेरॉक्स नको. मागे ‘जीबी’चा स्टिकर असेल तर बदला, २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘यूके’ लागतो. हेडलाइटवर उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी पट्ट्या चिकटवा. ब्रेकडाउन कव्हर घेताना जुन्या गाड्यांना वयाची अट आहे का, ते लेखी विचारा.

डावीकडच्या सीटचं काम मोठं आहे हो! टोलची मशिनं तुमच्या बाजूला, तिकीट तुम्ही घ्यायचं, पैसे तुम्ही भरायचे. पुढे ट्रक असेल तर समोरून कोण येतंय ते आधी तुम्हाला दिसतं. त्यासाठी दोघांत शब्द ठरवून ठेवा : ‘थांब’ आणि ‘मोकळं’, एवढे दोनच. “बहुतेक जमेल” असलं काही बोलायचं नाही. दरी उजव्या हाताला आली की चालवणारा कडेवर असतो, तेव्हा त्यांना बाहेर बघायला सांगू नका.

सप्टेंबर चांगला निवडलात, गर्दी ओसरते. पण लवकर बर्फ पडलं तर इझरां आणि गालिबिए बंद होतात, रोज सकाळी पायथ्याच्या गावातले ‘ऊव्हेर’ (उघडा) किंवा ‘फेर्मे’ (बंद) असे फलक पाहूनच निघा. टप उघडं ठेवा, हीटर पूर्ण चालू, मांडीवर घोंगडी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. वर ऊनही भाजतं आणि वाराही बोचतो.

प्रतिसाद : डर्बीकरीण

दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याने कालच हीट शील्ड काढून बघितली : अस्तर जवळजवळ नाहीच. पंप आणि ब्रेक फ्लुइडही यादीत टाकलं. व्हिसाची तारीख मिळाली. शेवटचा एकच प्रश्न : बार्सेलोनेतनंतर कायोलचा घाट घ्यावा की बोनेतचा?

प्रतिसाद : घाटमाथा

या गाडीला कायोल. बोनेतचा वरचा फेरा २८०२ मीटरपर्यंत जातो, उघडाबोडका, भव्य आहे, पण तोपर्यंत तुम्ही पुरेशी उंची पाहिलेली असेल. कायोल २३२६ वर. बाशलारच्या घळीतून रस्ता अगदी अरुंद जातो, समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे घ्यावीच लागते, पण झाडांमधून, ओढ्याच्या काठाने, टप उघडं ठेवून जायला त्याच्यासारखा दुसरा घाट नाही. सकाळी लवकर निघा, आणि बार्सेलोनेत सोडण्याआधी टाकी भरून घ्या.