हुरडा पार्टीत मामांची गंमत करायचीय, आयडिया द्या

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी, संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे भाचे-पुतणे मोहोळकडच्या शेतात हुरड्याला जमतोय, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा पण बघून होते म्हणून पुण्याची मंडळी चार दिवस आधीच येतायत. तिथं धाकट्या मामांची गंमत करायचीय. मामा म्हणजे देवमाणूस, कुणी काहीपण सांगा लगेच खरं वाटतं. २०२३ ला वंदे भारत नवीन सुरू झाली तेव्हा मावसभावानं सांगितलं की गाडीत गरम हुरडा देतात पण डबा आपला न्यावा लागतो, तर मामा खरंच स्टीलचा डबा घेऊन चढले आणि कुर्डुवाडी गेल्यावर नाष्टा वाटणाऱ्या पोरापुढं धरला, त्या पोरानं गुपचूप उपमा भरून दिला.
यावेळी विचार असा की पोलीस बोलतोय म्हणून फोन करायचा, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय वगैरे. कसं वाटतंय?

आगटी_पेटवा:
बाकी काहीपण करा, पोलिसाचा आणि बँकेचा फोन नको. माझ्या वडलांना असला फोन खरंच आला होता, दोन तास व्हिडिओ कॉलपुढं बसवून ठेवलं, आई दार वाजवतीय तर उघडेनात. शेजारच्या दादानं फोन हिसकावून घेतला म्हणून पैसे वाचले, पण पुढं महिनाभर रिंग वाजली की हात थरथरायचे त्यांचे. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नसतंय हे मामांना सरळ बसवून सांगा आणि सायबर हेल्पलाइनचा १९३० नंबर पाठ करून घ्या. १९३० म्हणजे आपल्या सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ लागला तेच साल, सोलापूरकर विसरणार नाही.

चाटीगल्ली:
+१. मामा काम काय करायचे?

जुळेसोलापूरकर:
बरोबर आहे, फोन कॅन्सल. मामा गिरणीत चादरी विणायच्या जेकार्ड मागावर होते. लग्न असो, बारसं असो, मामांकडून चादर ठरलेली.

चाटीगल्ली:
मग झालं की! यावेळी तुम्ही सगळ्यांनी एकेक करून मामांना चादर द्या, न हसता सांगायचं, 'मामा, पुण्यात नवीन निघालीय, सोलापुरात मिळत नाही.' घ्या मात्र इथनंच. रात्री शेतात मुक्काम असेल तर थंडीला कामाला पण येतील.

बाळीवेस:
पुण्याची चादर?? मामांचा बीपी बघा बे आधी 😄

जुळेसोलापूरकर:
अपडेट. आगटीभोवती बसलो होतो, मामा गूळभेंडी ज्वारीचं कणीस तळहातावर चोळून पोरांना दाणे देत होते, तेवढ्यात पहिली चादर पुढं केली. मामांनी हात पुसले, घडी मोडली, एका बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल, उलटं करून बघितलं तर पांढऱ्यावर लाल. काठ चिमटीत धरून नख फिरवलं. आम्ही सगळे गप्प.
"किती दिले?"
भाच्यानं सुचेल तो आकडा सांगितला. मामांचं तोंडच उतरलं. "फसवलं की रे पोरा तुला. ही आपली सोलापूरची हाय."
मग दुसरी, मग तिसरी. पाचवी आली तसे मामा उठूनच उभे राहिले, म्हणाले एकाच दुकानदारानं सगळ्या घराला गंडवलंय, पत्ता द्या, मी येतो पुण्याला. चादर ओळखली पण आमच्यावर शंका नाही आली हो त्यांना! शेवटी मावशीला हसू आवरेना आणि सगळं फुटलं. मामांना कळायला दोन मिनिटं लागली, मग असे हसले की हुरड्याचा ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.
रात्री सगळ्या चादरी मामांनी स्वतः झोपलेल्या पोरांच्या अंगावर घातल्या, सगळ्यांची पांघरुणं नीट करून मग आडवे झाले.
सकाळी चहा घेताना हळूच मला विचारतायत, "तो वंदे भारतचा डबा... ते तर खरं होतं ना?"
अजून कुणी सांगितलं नाहीये.