अनुभव धागा: आंडरमाट आणि आसपास काय काय बघितलंत?

मंडळी, स्वित्झर्लंड म्हटलं की टूरवाले टिटलिस नाहीतर युंगफ्राऊच्या बर्फात उभं करतात, फोटो झाला की चला बसमध्ये. गोटहार्ड घाटातल्या गोशेनेन, आंडरमाट, होस्पेंटाल या गावांत कुणी थांबतच नाही. जे राहून आलेत त्यांनी लिहा.

घाटवेडा: ट्रेननेच जा आणि गोटहार्डच्या जुन्या डोंगरी लाइनची पकडा, २०१६ पासून फास्ट गाड्या ५७ किमीच्या नव्या बोगद्यातून खालच्या खाली निघून जातात. वासेनचं पांढरं चर्च आधी डोक्यावर दिसतं, मग समोर, मग पार खाली, कारण रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरत चढतात. पुढे गोशेनेनला १८८२ च्या १५ किमी बोगद्याचं तोंड. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये आतच कोसळून गेला, आणि १८७५ च्या संपात गोळीबार होऊन चार मजूर मेले. मला तर हा बोगदा कुठल्याही किल्ल्याएवढाच ऐतिहासिक वाटतो.

चहाबाज: सैतानाचा पूल!! शोलेनेनच्या घळीत रॉइस नदी अशी आदळते की पुलावर चष्मा सारखा पुसावा लागतो. गोष्ट अशी की पूल सैतानाने बांधला, बदल्यात पहिला जीव त्याचा, तर गाववाल्यांनी बोकड पुढे केला 😄 चिडून सैतान पूल फोडायला जो धोंडा घेऊन निघाला तो म्हणे गोशेनेनजवळचाच, १९७७ मध्ये हायवेसाठी शंभरेक मीटर सरकवला, फोडला नाही. पुलाशेजारी कड्यात मोठा क्रॉस कोरलाय, १७९९ मध्ये सेनापती सुवोरोवचं रशियन सैन्य इथे फ्रेंचांशी लढलं त्याचा.

रानभूल: आंडरमाटच्या वरचा झाडांचा पट्टा बघा. उघड्याबोडक्या डोंगरावर तेवढंच रान, १३९७ पासून तोडायला बंदी. आपली देवराई देवाच्या धाकाने टिकली, ही हिमलोटाच्या.

दोन पोरांची आई: मुलांना ओबरआल्प खिंडीतलं लाल दीपगृह जाम आवडलं, डोंगरात दीपगृह कशाला तर र्‍हाइनचा उगम जवळ म्हणून. होस्पेंटालचा मध्ययुगीन बुरूज पण छान, बाकी गाव अर्ध्या तासात संपतं.

नवीन_इथे: सासूबाईंना घळीतून चालवेल का?

घाटवेडा: आंडरमाटहून उतरत गोशेनेनला या, तासाभराचं आहे. वर जाताना दात्यांच्या रुळावरची छोटी ट्रेन. बूट मात्र ग्रिपचे घ्या, चपला नकोत.