सगळे कायदेशीरच असेल, तर धोका ओळखायचा कसा?

साक्षेपी (मूळ प्रश्न):

लोकशाहीला धोका म्हटला की रस्त्यावरचे रणगाडे, टाळे लागलेली वर्तमानपत्रे आणि बरखास्त संसद आपल्या डोळ्यांसमोर येते. गेल्या 15 वर्षांतील घडामोडी समजून घेताना मात्र हे चित्र फारसे उपयोगी पडत नाही. निवडणुका वेळेवर होतात, संसद बहुमताने कायदे करते, न्यायालये निकाल देतात, सरकारवर टीका करणारे एखादे वर्तमानपत्रही निघत राहते. तरीही काही वर्षांनी पाहावे तर उघडपणे बोलणारे कमी झालेले असतात आणि सरकारला अडवू शकणाऱ्या संस्था नावापुरत्या उरलेल्या असतात. प्रत्येक पाऊल कायद्याच्या चौकटीतच पडत असेल, तर सामान्य नागरिकाने नेमक्या कोणत्या पावलाला हरकत घ्यायची? अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला आणि कायद्याच्या राज्यावरचा घाला हे वेगळे विषय मानावेत की एकच? जाणकारांनी प्रत्यक्ष घटनांच्या आधारे लिहावे. ‘सगळेच पक्ष सारखे’ या धर्तीची उत्तरे पुष्कळ वाचून झाली आहेत.

तळटीप:

माझ्या मते विषय एकच आहे, आणि त्याची सुरुवात पत्रकारांपासून नव्हे तर न्यायाधीशांच्या निवृत्तिवयापासून होते. हे ऐकायला रुक्ष वाटते. रुक्ष असल्यामुळेच ते कोणाच्या लक्षात येत नाही.

हंगेरीत 2010 साली सत्तेवर आलेल्या सरकारकडे संसदेत दोन-तृतीयांश बहुमत होते. नवी राज्यघटना लागू करताना न्यायाधीशांचे निवृत्तिवय 70 वरून 62 वर आणले गेले. कोणालाही बडतर्फ केले नाही, कोणावर ठपका ठेवला नाही. पण 2012 मध्ये 274 न्यायाधीशांची पदे एका फटक्यात रिकामी होण्याची व्यवस्था झाली, आणि वयाच्या निकषामुळे त्यांत वरिष्ठ न्यायालयांतले व न्यायालयांच्या प्रमुखपदावरचे लोक अधिक होते. युरोपीय न्यायालयाने (म्हणजे युरोपीय संघाच्या न्यायालयाने) नोव्हेंबर 2012 मध्ये हा कायदा अवैध ठरवला, मात्र तो वयावरून केलेल्या भेदभावाच्या मुद्द्यावर. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तिथे निकालाचा आधार झालाच नाही. तोपर्यंत प्रमुखपदांवर नवी माणसे बसली होती आणि पुष्कळ जुन्यांनी परत येण्याऐवजी भरपाई स्वीकारली.

पोलंडने 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्तिवय 70 वरून 65 केले, तेव्हा चित्र थोडे वेगळे होते. युरोपीय न्यायालयाने अंतिम निकालाची वाट न पाहता त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतरिम आदेश दिला, काही आठवड्यांत कायदा बदलला आणि ते न्यायाधीश परतले. जून 2019 मध्ये अंतिम निकालही त्याच बाजूने लागला आणि या वेळी त्याचा आधार न्यायालयीन स्वातंत्र्य हाच होता. दोन्ही देशांत चूक जवळपास सारखीच होती. फरक पडला तो मुख्यतः आदेश किती लवकर आला याने. म्हणून हरकत कुठे घ्यायची, याला माझे उत्तर असे आहे की नेमणूक, बदली, निवृत्ती आणि खटल्यांचे वाटप यांचे नियम बदलू लागले की लगेच हरकत घ्यावी, मग तो बदल कितीही तांत्रिक दिसो.

कलमबंद:

तळटीप यांचे म्हणणे पटते, पण न्यायाधीश पूर्णपणे स्वतंत्र असले तरी बोलणाऱ्याला जेरीस आणता येते, ही बाजूही पाहायला हवी. माल्टातील पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर 2017 मध्ये गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली. त्या वेळी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचे 40 हून अधिक दावे प्रलंबित होते आणि त्यांतले अनेक त्यांच्या मृत्यूनंतर वारसांविरुद्ध चालू राहिले. असे दावे जिंकण्यासाठी केलेच जातात असे नाही. वकिलाची फी, तारखा आणि बँक खात्यावरची टाच एवढ्यानेच काम भागते. युरोपीय संघाने 2024 मध्ये अशा दाव्यांविरुद्ध निर्देश काढला खरा, पण तो एकाहून अधिक देशांशी संबंध असलेल्या दिवाणी प्रकरणांपुरताच आहे. फौजदारी अब्रूनुकसानी त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

फिलिपिन्समधील पत्रकार मारिया रेसा यांचे प्रकरण तर मुळातून अभ्यासावे असे आहे. ज्या सायबर कायद्याखाली त्यांना जून 2020 मध्ये दोषी ठरवले, तो सप्टेंबर 2012 मध्ये मंजूर झाला. वादग्रस्त लेख त्याआधीच, मे 2012 मध्ये, प्रसिद्ध झाला होता. मात्र फेब्रुवारी 2014 मध्ये त्या लेखातली स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली गेली होती, आणि ती दुरुस्ती म्हणजे नव्याने केलेले प्रकाशन, असे मानून खटला उभा राहिला. कायदा पूर्वलक्ष्यी नसावा हे तत्त्व कागदावर जसेच्या तसे राहिले आणि तरीही आरोपीला त्याचा उपयोग झाला नाही. 2021 मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. खटला चालूच राहिला.

त्यामुळे मी दुसरी खूण सुचवतो: कायद्यातील शब्द. ‘त्रासदायक’, ‘आक्षेपार्ह’, ‘दिशाभूल करणारे’ असे शब्द व्याख्येविना आले, की तो कायदा कोणावर वापरायचा हे पोलीस अधिकारी ठरवतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ नेमक्या याच कारणास्तव मार्च 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्यानंतरही अनेक ठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2022 मध्ये न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले.

उलटतपासणी:

वरील दोन्ही उत्तरांत न्यायालयांवर जरा जास्तच विश्वास टाकलेला दिसतो. 28 एप्रिल 1976 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिक न्यायालयात दाद मागू शकत नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे वेगळे बोलले आणि पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. आणीबाणी न्यायालयाने संपवली नाही. 1977 मध्ये मतदारांनी सरकार बदलले. बहुमताने निवडून आलेल्या सरकारने न्यायव्यवस्थेत सुधारणा करायच्याच नाहीत, असा याचा अर्थ काढला तर लोकशाहीत लोकांना उरते काय? न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, ही व्यवस्थाही निर्दोष नाही.

साक्षेपी:

उलटतपासणी यांचा आक्षेप रास्त आहे. तरी 1977 च्या निवडणुकीआधी सेन्सॉरशिप शिथिल झाली होती आणि अनेक नेते तुरुंगाबाहेर आले होते, हेही लक्षात घ्यावे लागेल. लोकांना निवड करता आली ती बोलण्याची मुभा मिळाल्यावर. माझी पुढची शंका अशी, की मतदारांनी सरकार बदलले तरी आधीच्या सरकारने भरलेल्या संस्था जागेवरच राहतात. त्यांचे काय करायचे?

तळटीप:

याचा अनुभव पोलंड सध्या घेत आहे, आणि तो फारसा सुखद नाही. डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या सरकारने सार्वजनिक दूरचित्रवाणीचे व्यवस्थापन कंपनी कायद्याचा आधार घेऊन बदलले आणि राष्ट्राध्यक्षांनी तिचा निधी नकाराधिकाराने अडवल्यावर ती कंपनीच अवसायनात (म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) काढली. आधीचा सरकारी प्रचार थांबवणे आवश्यक होते याबद्दल मला शंका नाही, परंतु संसदेला वळसा घालण्याची ही पद्धत पूर्वीच्या सरकारच्या कित्येक टीकाकारांनाही खटकली, आणि तो आक्षेप मला योग्य वाटतो.

न्यायाधीशांचा गुंता त्याहून अवघड आहे. न्यायाधीशांची शिफारस करणाऱ्या परिषदेतले 15 न्यायाधीश-सदस्य पूर्वी न्यायाधीशच निवडत. 2017 च्या कायद्याने तो अधिकार संसदेकडे गेला. (उलटतपासणी यांच्या शेवटच्या वाक्याला हे उत्तर म्हणून दिलेले नाही, पण निवड संसदेकडे सोपवल्याने काय घडू शकते ते यातून दिसते.) या परिषदेच्या शिफारशीने दोन हजारांहून अधिक न्यायाधीश नेमले गेले आहेत. त्या नेमणुका सरसकट रद्द केल्या, तर त्यांनी दिलेले घटस्फोट, वारसा आणि कर्जवसुलीचे निकालही संशयाच्या छायेत येतात, आणि ज्या पक्षकारांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता तेच भरडले जातात. नेमणुका तशाच ठेवल्या, तर मूळ गैरप्रकार पचतो. प्रत्येक नेमणूक स्वतंत्रपणे तपासणे हा मधला मार्ग मला सर्वांत कमी वाईट वाटतो. मात्र त्याला कायदा लागतो, कायद्याला राष्ट्राध्यक्षांची सही लागते, आणि जून 2025 मध्ये करोल नाव्रोत्स्की हे विरोधी गोटाचा, म्हणजे आधीच्या सत्ताधाऱ्यांचा, पाठिंबा असलेले उमेदवार त्या पदावर निवडून आले.