मदत हवी आहे: निवडणूक खर्चाच्या हिशोबात एक बिलच नाही

मामा ठाणे लोकसभेला अपक्ष उभे होते, मी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी. निकाल ४ जून २०२४ ला लागला, ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाय. (डिपॉझिट गेलं, ते सोडा.) अडलंय कोपरीत फिरलेल्या भोंग्याच्या रिक्षापाशी. पैसे निवडणुकीच्या स्वतंत्र खात्यातून चेकने दिलेत, पण रिक्षावाला गावी गेलाय, फोन बंद. भावाकडून कच्ची चिठ्ठी आणली, तिच्यावर ना सही ना तारीख. त्यात निवडणूक खर्च निरीक्षकांच्या छाया नोंदवहीत (उमेदवाराचा खर्च त्यांच्याकडून वेगळा टिपला जातो ती वही) भाडं आमच्यापेक्षा जास्त धरलंय. ९५ लाखांच्या मर्यादेच्या आम्ही जवळपासही नाही, त्यामुळे लपवायचं काही नाही. वाहनाची परवानगी जपून ठेवलीय. बिलाऐवजी बँक स्टेटमेंट, परवानगी आणि मामांचं लेखी निवेदन चालतं का? आणि भाड्यातल्या तफावतीचा खुलासा हिशोबासोबतच द्यायचा की वेगळा?