मदत हवी आहे: जिल्ह्याच्या शिवेवरच्या वावराची मोजणी

आमचं वावर भिवापूर तालुक्यात, म्हणजे नागपूर जिल्ह्यात. धुऱ्यापलीकडचं पवनी तालुक्यात, जिल्हा भंडारा. शिवेचा दगड दिसत नाही, तिथं आता पळसाचं खोड आहे. शेजाऱ्याशी भांडण नाही, त्यालाही मोजणी हवीच आहे.

डिजिटल सहीचे दोन्ही सातबारे काढले. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर पाहिलं, तर आमच्या गावाचा नकाशा शिवेवर संपतो अन् त्यांचा तिथूनच सुरू होतो. दोन्ही जोडून दिसत नाहीत. तलाठी म्हणाले, मोजणी भूमी अभिलेख खात्याची, तहसीलची नाही. दोन्ही जिल्हे नागपूर विभागातच आहेत, पण त्या खात्याचे उपअधीक्षक तालुक्यागणिक वेगळे. पेरणीआधी उरकायचं आहे.

ई-मोजणीत, म्हणजे मोजणीच्या ऑनलाइन अर्जात, भिवापूरचा एकच अर्ज पुरतो, की पवनीतही वेगळा करून दोन्हीकडचे भूकरमापक (मोजणी करणारे कर्मचारी) एकाच दिवशी बोलवावे लागतात? कोणी अशी मोजणी केली आहे का?