मदत हवी आहे: कोरड्या त्वचेसाठी उटणं, वाळा-नागरमोथ्याचे तंतू कसे काढायचे?

थंडीत चेहऱ्यालाही लावता येईल असं उटणं घरी करायचं आहे. प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ 200 ग्रॅम, गुलाबपाकळ्यांची पूड 25, आंबेहळद आणि नागरमोथा (एक सुगंधी कंद) प्रत्येकी 20, वाळा (सुगंधी मुळं) आणि कपूरकाचरी (हाही सुगंधी कंद) प्रत्येकी 10. मुलतानी माती मुद्दाम वगळली आहे. ती तेल शोषते आणि कोरडी त्वचा आणखी ओढते. लिंबू तर नकोच, आग होते. दोन चमचे पूड दुधात कालवून अर्धा चमचा तिळाचं तेल घालायचं आणि ओलसर असतानाच धुवायचं. वाळू दिलं की चोळताना त्वचा सोलवटते.

अडलंय ते इथे: वाळा आणि नागरमोथा मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळले तरी बारीक तंतू टोचतात. वस्त्रगाळ केलं तर बराच वाळा फडक्यावरच राहतो, सुगंधही त्याच्याबरोबर जातो. मग सुरुवातीला वजन किती वाढवून घ्यावं? की वाळा रात्रभर पाण्यात भिजवून दुधाऐवजी तेच पाणी वापरावं?

शिवाय पूड महिन्याभरात गोळे धरते. पाकळ्यांत ओल राहते बहुतेक. सावलीत वाळवल्यावर मंद आचेवर शेकल्या तर रंग-वास टिकतो का? करून पाहिलेल्यांनी कृपया नेमकं प्रमाण सांगा.